हातात काम, मुखात नाम : मुसलमानांच्या रोजच्या उपासनेचं मराठी वाचन

(बुलढाणा येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय उपासनेचा असला तरी हे प्रवचन नाही. मी वाङ्मयाच्या आणि समीक्षेच्या अंगाने बोलणार आहे. नमाज, दुआ आणि जिक्र, म्हणजे ईश्वराचं स्मरण, या रोजच्या गोष्टी आपल्या मराठी वाचनात कुठे येतात, कशा येतात, आणि बहुतेक वेळा येतच नाहीत त्या का, एवढाच प्रश्न आहे. बुलढाण्यात बोलतो आहे म्हणून इथूनच सुरुवात करू.

बुलढाणा जिल्ह्यातले मुसलमान आणि त्यांची भक्ती असं म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच नाव आठवतं, सैलानी. पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, संदल निघतो. राज्यभरातून माणसं येतात. त्यात हिंदू असतात, मुसलमान असतात, दुखण्याने आणि दुःखाने टेकीला आलेली कुटुंबं असतात. कॅमेरे येतात, वर्तमानपत्रांत रकाने भरतात. कुणी त्याला ऐक्य म्हणतं, कुणी अंधश्रद्धा म्हणतं. यात्रा संपली की कॅमेरे परत जातात.

२०११च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार. त्यात सात-आठ माणसांमागे एक मुसलमान आहे. यात्रेचे दिवस सोडले तर वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ही माणसं काय करतात? पहाटे उठून वजू करतात. दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून मशिदीत जाऊन येतात. बाई चुलीवरचं भांडं उतरवते आणि कोपऱ्यात जानमाज अंथरते. बाकी काही नाही. यात बातमी नाही, म्हणून हे कुणी लिहीत नाही. माझं म्हणणं असं की आपल्या समीक्षेनेही वर्तमानपत्रासारखंच केलं. जे दिसायला ठळक ते घेतलं, जे रोजचं ते सोडलं.

शब्द नीट समजून घेऊ

नमाज ही बांधलेली उपासना आहे. तिला वेळ आहे, दिशा आहे, वजू आहे. फज्र, जुहर, असर, मगरिब, इशा अशा पाच वेळा. त्यातल्या फर्ज, म्हणजे अनिवार्य रकातींची बेरीज २, ४, ४, ३, ४ अशी १७ होते. प्रत्येक रकातीत कुरआनाची पहिली सूरा म्हणायची. म्हणजे किमान नमाज पढणारा माणूस तेच शब्द दिवसातून १७ वेळा उच्चारतो. दुआ ही मागणी आहे, ती आपल्या भाषेत करता येते, वऱ्हाडीतही करता येते. आणि जिक्र म्हणजे आठवण. जिक्रला वेळ नाही, दिशा नाही, आसन नाही. उभ्याने, बसून, आडवं पडून, कसंही देवाला आठवावं असं कुरआनाचंच सांगणं आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे. नमाजसाठी काम थांबवावं लागतं. जिक्रसाठी थांबवावं लागत नाही. त्यामुळे ज्याला काम थांबवण्याची मुभा नाही, त्याच्यापर्यंत जिक्र पोचतो. शेतमजूर, हमाल, कापूस पिंजणारा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे घरातली बाई. पुढचं सगळं बोलणं या एका फरकावर उभं आहे.

आता खरेपणाचा प्रश्न. कुणी विचारेल, तेच शब्द दिवसातून १७ वेळा म्हणणाऱ्याचं मन त्यात असतं कशावरून? हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारायची गरजच नाही. इस्लामी परंपरेने तो आधीच, आणि आपल्यापेक्षा जास्त कठोरपणे विचारलेला आहे. नमाज सुरू होण्याआधी नीयत लागते. मन हजर असण्याला खुशू म्हणतात. केवळ देवासाठी केलेल्या कृतीला इखलास म्हणतात, आणि लोकांनी बघावं म्हणून केलेल्याला रिया. ही चारही नावं मदरशाची पायरी न चढलेल्या माणसालाही थोडीफार ठाऊक असतात.

कुरआनाची १०७वी सूरा बघा. अवघ्या सात आयती. सुरुवात अनाथाला ढकलून देणाऱ्यापासून होते, भुकेल्याच्या अन्नाची पर्वा नसलेल्यापासून होते. मग ती वळते नमाज पढणाऱ्यांकडे. जे आपल्या नमाजविषयी बेफिकीर आहेत, जे दाखवण्यासाठी करतात, आणि जे लहानसहान उपयोगाची वस्तूही कुणाला देत नाहीत, त्यांच्या नाशाची ती बोली आहे. या शेवटच्या गोष्टीला मूळ शब्द आहे ‘माऊन’. भाष्यकारांनी त्याचा एक अर्थ सांगितला आहे तो असा की शेजाऱ्याने मागितली तर द्यायची घरगुती चीज, भांडं, बादली, कुऱ्हाड, मीठ. म्हणजे नमाज खरी की खोटी याची परीक्षा कुठे होते? शेजारीण वाटी घेऊन दारात उभी राहते, तिथे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही रचना थक्क करणारी आहे. उपासनेबद्दल बोलता बोलता मजकूर एकदम स्वयंपाकघरात येतो. इथून पुढे मी जी उदाहरणं घेणार आहे, ती सगळी याच कसावर घासून बघणार आहे.

रोहिणखेड : एक मशीद, एक लढाई

पहिलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. तिथे १५८२मध्ये बांधलेली मशीद आहे. लहान, पण देखणी. बांधणारा खुदावंद खान महदवी. आपण ती बघतो ती कमानींसाठी आणि दगडासाठी. मला आज त्या नावातल्या ‘महदवी’ या शब्दाकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे.

महदवी म्हणजे सय्यद मुहंमद जौनपुरी यांचे अनुयायी. त्यांचा काळ १४४३ ते १५०५. त्यांनी स्वतःला महदी म्हणून घोषित केलं आणि त्यामुळे प्रस्थापित उलेमांचा रोष ओढवून घेतला. त्यांच्या अनुयायांनी ‘दायरे’ वसवले. दायरा म्हणजे एकत्र राहण्याची वस्ती. जे येईल ते सगळ्यांत सारखं वाटायचं, उद्यासाठी साठवायचं नाही. आणि सतत जिक्र करायचा. बाकीचे मुसलमान सतत स्मरणाला मोठं पुण्य मानतात. महदवींनी ते कर्तव्याच्या यादीत घातलं. अखंड आठवण आणि समान वाटप या दोन गोष्टी दायऱ्यात एकत्र नांदत होत्या. म्हणजे माऊनचा कस तिथे लागू होता.

आता पुढे काय झालं ते बघा. अहमदनगरच्या निजामशाहीत जमाल खान नावाचा महदवी सरदार सत्तेवर आला. गादीवर अल्पवयीन इस्माईल निजामशहा, कारभार जमाल खानाचा. त्याने महदवी मत राज्याचं मत केलं. दोनेक वर्षं हे चाललं. मग इस्माईलचाच बाप बुऱ्हाण याने खानदेशच्या राजा अली खान फारुकीच्या मदतीने गादीवर हक्क सांगितला, आणि १५९१मध्ये लढाई झाली. कुठे? याच रोहिणखेडला. जमाल खान पडला आणि महदवी मताचा राजाश्रय संपला.

मशीद १५८२ची आणि लढाई १५९१ची. नऊ वर्षांचं अंतर, आणि गाव एकच. इतिहासाची पुस्तकं लढाई सांगतात, पुरातत्त्व मशीद सांगतं. दोन्ही एकत्र वाचली की एक प्रश्न उभा राहतो. ज्या पंथाने मनातल्या आठवणीला सर्वांत वरचं स्थान दिलं, तो राज्याचा पंथ झाला की त्या आठवणीचं काय होतं? दरबारात बढती हवी असलेला माणूसही आता महदवी होणार. तो खरंच आठवण करतो की ओठ हलवतो, हे कोण तपासणार? दायऱ्यात शेजारी तपासत होता, कारण वाटणी रोजची होती. राज्याकडे अशी तराजू नसते. राज्याला फक्त दिसणारी उपासना मोजता येते. हा निष्कर्ष मी फक्त महदवींपुरता काढत नाही. कुठल्याही धर्माची उपासना सत्तेच्या खांद्यावर बसली की तिच्यातला रिया वाढतो. त्यासाठी कुणी दुष्ट असण्याची गरज नसते.

कापूस आणि चरखानामा

रोहिणखेडहून आता दक्षिणेला जायचं आहे, विजापूरकडे. वाट कापसातून जाते. हा जिल्हा कापसाचा. केवळ कापसासाठी जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७०मध्ये सुरू झाला. कापसाभोवती जी माणसं जगली त्यात पिंजारी आहेत. धनुकलीने कापूस पिंजणारे, गाद्या भरणारे. पुष्कळ पिंजारी स्वतःला मन्सुरी म्हणवतात. हे नाव जोडलं जातं मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी, ज्यांना ९२२मध्ये बगदादला मृत्युदंड दिला गेला. ‘हल्लाज’ या अरबी शब्दाचा अर्थच मुळी कापूस पिंजणारा. म्हणजे आपल्या गावच्या गादीवाल्याच्या आडनावात एक सूफी बसलेला आहे. आपण ते आडनाव दुकानाच्या पाटीवर वाचतो आणि पुढे जातो.

विजापूरच्या सूफींनी सतराव्या शतकापासून दखनी भाषेत छोटी छोटी गाणी रचली. चक्कीनामा, चरखानामा, लोरीनामा. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७८च्या आपल्या ‘सूफीज ऑफ बिजापूर’ या ग्रंथात त्यांचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं असं की दख्खनच्या साध्या घरांत इस्लाम पोचला तो फारसी ग्रंथांतून नव्हे, तर बायकांच्या ओठांवरच्या या गाण्यांतून. दळता दळता, कातता कातता, पोराला झोपवता झोपवता.

चरखानाम्यात एक जागा आहे, तिचा आशय सांगतो. सूत काढणाऱ्या बाईला बहीण म्हणून हाक मारलेली आहे. कापूस हातात घेताना मोठ्याने करायचा जिक्र, ज्याला जली म्हणतात. कापूस विलग करताना कल्बी, म्हणजे हृदयातला. धागा गुंडाळताना त्याहून सूक्ष्म असा डोळ्यापुढे घडणारा जिक्र. श्वास हाच धागा. तो पोटातून छातीत, छातीतून गळ्यात ओवत आणायचा आणि एकेक श्वास मोजायचा.

आता हे कविता म्हणून वाचू. रूपक इथे सजावटीसाठी आलेलं नाही. साधनेच्या तीन पायऱ्या कातण्याच्या तीन हालचालींवर बसवल्या आहेत, कारण कातणारीला त्या हालचाली अंगवळणी आहेत. तिला नवीन काही शिकायचं नाही. हात जे करतात त्याला फक्त आतून साथ द्यायची आहे. आवाजातून हृदयात आणि हृदयातून नजरेत असा प्रवास आहे, आणि त्याच वेळी कापूस बोंडातून धाग्यात जातो आहे. मोकळं, पसरलेलं ते एकाग्र होतं. मन आणि कापूस यांची चाल एकच आहे. ज्याने हे रचलं त्याने कातणारीचे हात नीट पाहिले असले पाहिजेत.

पण समीक्षकाने इथे थांबून चालणार नाही. त्याच गाण्यात पुढे या सगळ्या मोजणीचा नजराणा पिराला द्यायचा आहे. बाईचे श्वास, बाईचा धागा, आणि भेट पिराला. इथे मला अडखळायला होतं. स्मरण देवाचं, मग हिशेब मधल्या माणसाकडे का? श्रद्धाळू वाचक म्हणेल की पीर हा वाट दाखवणारा, त्याला दिलं म्हणजे वाटेला दिलं. ठीक. पण गाणं रचणारा पुरुष, गाणारी बाई, आणि शेवटी देणगी पुन्हा पुरुषाकडे, ही रचना आपण बघितली पाहिजे. गाणं सुंदर आहे म्हणून हे झाकू नये, आणि हे दिसलं म्हणून गाणं टाकूनही देऊ नये.

जातं

चक्कीनाम्यात जात्याचा दांडा म्हणजे अलिफ, अल्लाहच्या नावातलं पहिलं अक्षर. उभा, सरळ. आणि मधला खुंटा म्हणजे पैगंबर, ज्याच्याभोवती सगळं फिरतं. मराठी माणसाला हे ऐकून लगेच ओवी आठवते, आणि आपली समीक्षा इथे खूश होऊन जाते. ‘बघा, इकडे विठ्ठल, तिकडे अल्लाह, जातं तेच!’ असं म्हणून आपण पुढे जातो. पण जातं तेच असलं तरी गाण्यात फरक आहे, आणि तो सांगितला पाहिजे.

जात्यावरची ओवी बायकांनी स्वतः रचली. गी पॉइटेव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत देव आहे, पण सासरही आहे, भाऊ आहे, नवऱ्याचा मार आहे, आंबेडकर आहेत. बाई तिथे देवाशी भांडते. चक्कीनामा वरून खाली आलेला आहे, शिकवण्यासाठी. त्यात बाईचं स्वतःचं दुखणं येत नाही. आपण दोन्हींना ‘श्रमगीत’ या एका खान्यात टाकलं, की रचणारं कोण आणि गाणारं कोण हा प्रश्नच पुसला जातो.

आणि तरी चक्कीनाम्यामागे एक फार जुनी गोष्ट उभी आहे. हजरत फातिमा, पैगंबरांची मुलगी. दळून दळून तिच्या हाताला घट्टे पडले. घरकामाला एखादा सेवक मिळावा म्हणून ती वडिलांकडे गेली. सेवक मिळाला नाही. पैगंबर तिच्या घरी आले आणि म्हणाले की सेवकापेक्षा चांगली गोष्ट सांगतो. झोपताना सुबहानल्लाह ३३ वेळा, अल्हम्दुलिल्लाह ३३ वेळा, अल्लाहू अकबर ३४ वेळा. बेरीज १००. याला आजही ‘तस्बीह-ए-फातिमा’ म्हणतात. बोटांच्या पेरांवर तो जप मोजला जातो. आपल्या शेजारच्या घरातली म्हातारी संध्याकाळी ओसरीवर बसून पेरं मोजत असेल, तर तिच्या बोटांत ही दळणाऱ्या हातांची गोष्ट आहे.

ही गोष्ट कशी वाचायची? एक वाचन असं की बाईने मदत मागितली आणि तिला जप मिळाला. कष्ट तसेच राहिले. धर्म नेहमी हेच करतो, भाकरीच्या जागी शब्द देतो. हे वाचन सोपं आहे आणि निम्मं खरंही आहे. घराघरांत सासऱ्याने, नवऱ्याने याच गोष्टीचा आधार घेऊन बाईच्या थकव्यावर पांघरूण घातलं असेल, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण गोष्टीतला दुसरा धागा सोडू नका. मागणारी ही खुद्द प्रमुखाची मुलगी आहे. त्या वेळी बाहेर त्याहून गरजू माणसं होती आणि आपल्या लेकीला आधी देणं वडिलांनी टाळलं, असं परंपरा सांगते. इथे पुन्हा माऊनचा कस येतो. सत्तेच्या घरातल्या माणसाला जास्त मिळू नये, हा या जपाचा संदर्भ आहे. म्हणजे तोच जप सत्तेच्या घरात म्हटला तर तो त्याग आहे. आणि कष्टकऱ्याच्या घरात, दुसऱ्याने त्याला ऐकवला, तर तो मदत नाकारण्याचा बहाणा होऊ शकतो. शब्द तेच आहेत. कोण कुणाला सांगतो आहे यावर त्यांचा खरेपणा ठरतो. हे भान ज्या वाचनात नाही, ते भक्ताचं असो की टीकाकाराचं, अपुरं आहे.

शेख महंमद आणि आपला चष्मा

आता मराठी समीक्षेकडे. मुसलमानांची उपासना मराठी अभ्यासात आली ती मुख्यतः संतकवींच्या वाटेने. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’चे कर्ते. हा ग्रंथ १६४५मध्ये पुरा झाला. शाह मुंतोजी, हुसेन अंबरखान, शहामुनी ही पुढची नावं. वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांचं साहित्य उजेडात आणलं. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ हा ग्रंथ लिहून त्या सगळ्यांना एका ठिकाणी आणलं. हे ऋण मोठं आहे.

पण त्यानंतर आपण या कवींचं काय केलं? त्यांना ‘समन्वयाचे’ पुरावे केलं. शेख महंमद जन्माने अविंध, पण हृदयात गोविंद, म्हणून ते आपले. भाषणात, पाठ्यपुस्तकात, सद्भावना मेळाव्यात हेच वाक्य फिरतं. या वाक्याची अट लक्षात आली का? हृदयात गोविंद असेल तर मुसलमानाची भक्ती खरी. मग ज्याच्या हृदयात अल्लाहच आहे, जो सरळ पाच वेळा नमाज पढतो आणि विठ्ठलाचं नाव कधी घेत नाही, त्याचं काय? त्याच्या भक्तीला आपल्या समीक्षेत जागाच नाही.

गंमत म्हणजे शेख महंमदांनी स्वतः अशी सवलत कुणाला दिली नव्हती. ‘योगसंग्राम’ हे आतल्या विकारांशी केलेल्या लढाईचं रूपक आहे. मुल्ला असो की ब्राह्मण, बाहेरचं सोंग घेणाऱ्यावर ते सारखेच तुटून पडतात. दोन धर्मांची गोळाबेरीज हा त्यांच्या आस्थेचा विषय नाही, उपासनेतला खोटेपणा हा आहे. रियाच्या टीकेची जी जुनी इस्लामी परंपरा मी मघाशी सांगितली, तिचं मराठीतलं एक मोठं पान म्हणजे शेख महंमद. तसं आपण त्यांना वाचलेलं नाही.

दुसरा चष्माही आहे, आणि तो मुसलमान समाजाच्या आतला आहे. तो म्हणतो, चक्कीनामे, दर्गे, संदल ही सगळी अडाण्यांची भेसळ. खरा धर्म पुस्तकात आहे. सैलानीला जाणारी बाई चुकते आहे, जात्यावर अलिफ बघणारी बाईही चुकत होती. या टीकेतला एक भाग योग्य आहे. आजारी माणसाला डॉक्टरऐवजी साखळीला बांधणं चूकच आहे, आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे. पण त्या बाईने रात्री उघड्या माळावर बसून पोरासाठी मागितलेली दुआ खोटी होती, असं म्हणण्याचा अधिकार कुणाला मिळाला? उपचाराची चिकित्सा करा. आर्ततेची चिकित्सा करताना जपून बोला.

दोन्ही चष्म्यांत एक साम्य आहे. एक विचारतो, ही भक्ती आमच्यासारखी आहे का? दुसरा विचारतो, ही पुस्तकासारखी आहे का? या भक्तीमुळे त्या माणसाच्या रोजच्या वागण्यात काय घडलं, हे दोघंही विचारत नाहीत.

आजचं लेखन

१९९०मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्यानंतरच्या मुस्लिम मराठी लेखनात गरिबी आली, दंगल आली, तलाक आला, संशयाच्या नजरा आल्या. हे येणं आवश्यकच होतं. पण माझ्या वाचनात उपासनेचा आतला अनुभव त्यात फार थोडा आहे. असं का? मला वाटतं, ज्या लेखकाला प्रत्येक पानावर आपलं नागरिकत्व सिद्ध करावं लागतं, तो जानमाजबद्दल लिहायला कचरतो. लिहिलं तर कट्टर ठरेल, न लिहिलं तर पुरोगामी ठरेल. आणि बाकीच्या मराठी कथा-कादंबऱ्यांत अजान बहुतेक वेळा घड्याळाचं काम करते. लांबून ऐकू येते, संध्याकाळ झाली हे वाचकाला कळतं, कथा पुढे जाते. मशिदीच्या आत कुणीच जात नाही.

यात नुकसान कुणाचं आहे? मराठीचं आहे. वारकऱ्याच्या चालण्यातली थकावट आणि आनंद आपल्या भाषेला शब्दांत पकडता येतो. पण दिवसभर जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत उभं राहून आलेला मजूर इशाच्या नमाजात कपाळ टेकतो, तेव्हा त्याला नक्की काय वाटतं, यासाठी आपल्याकडे शब्दच नाहीत. तो माणूस घरात उर्दू बोलतो, बाजारात वऱ्हाडी बोलतो. म्हणजे आपलीच भाषा बोलतो. आणि ज्याच्या आतल्या आयुष्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, त्याच्याबद्दल काहीही खरं मानायला आपण तयार होतो. व्हॉट्सअॅपवर येतं ते खपतं, कारण त्या जागी दुसरं काही ठेवलेलंच नाही. माझ्या लेखी या विषयाचं मोल इथे आहे.

तेव्हा करायचं काय? दोन कामं सुचवतो आणि थांबतो.

एक काम वाचनाचं. इथे बसलेल्यांत महाविद्यालयातले विद्यार्थी आहेत. शेख महंमद पुन्हा वाचा, आणि या वेळी समन्वय शोधू नका. सोंगावरची टीका शोधा, प्रार्थनेबद्दल ते काय म्हणतात ते शोधा. दखनी चक्कीनामे ओवीच्या शेजारी ठेवून वाचा, पण ती एकच आहेत असं म्हणण्याची घाई करू नका.

दुसरं काम ऐकण्याचं. आता पीठ गिरणीतून येतं, चरखा गेला, धनुकलीही गेली. तस्बीहचे मणी जाऊन बोटाला लावायचं आकडे मोजणारं यंत्र आलं. पण मेहकर, मलकापूर, देऊळगाव राजा, जळगाव जामोद इथल्या मोहल्ल्यांत सत्तरी-ऐंशीच्या अम्मा, नानी, खाला अजून आहेत. दळताना, शेतात निंदताना, पोराला झोपवताना त्या काय म्हणायच्या, कुठली दुआ कुठल्या कामाला जोडलेली होती, उर्दूत की वऱ्हाडीत, हे त्यांना जाऊन विचारा. अदबीने विचारा, वेळ घेऊन विचारा, आणि त्या सांगतील तसं लिहून घ्या. दुरुस्त करू नका. त्यात पुस्तकाला न मानवणारं निघेल, आपल्या समन्वयाला न मानवणारंही निघेल. निघू द्या. आणि हो, जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका.